सवंगाईचे दिवस

तांदूळ कधी नव्हता एवढा सवंग झाला, तेव्हाच आमच्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटायला लागली, असं आजी सांगायची. ऐकणारा बुचकळ्यात पडे. कुणीतरी मध्येच म्हणे, "आजी, म्हाग झाला असंल." त्यावर ती चिडायची. "म्हाग न्हाय रं, सवंग. वाण्याकडं पोत्यांची थप्पी लागल्याली. पर घ्यायला पैसा कुनाच्या कनवटीला व्हता?" साल तिला सांगता येत नसे. थोरला काका पाळण्यात होता आणि आजाची गिरणी बंद पडली होती, एवढंच तिचं पंचांग. काकाच्या जन्मावरून हिशेब लावला तर १९३३ चा पावसाळा निघतो.

पुढे पुस्तकं चाळताना आजीचं म्हणणं आकड्यांत भेटलं. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानातल्या शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा सरकारी निर्देशांक, १९१४ साल शंभर धरून, १९२९ मध्ये दीडशेच्या घरात होता. १९३४ पर्यंत तो शंभराच्या आसपास उतरला. गिरणीमालकांनी नेमका हाच आकडा पुढे केला. खाणंपिणं स्वस्त झालं, मग मजुरी कशी चढी राहील? १९३३-३४ मध्ये एकेका गिरणीनं महागाई भत्त्याला कात्री लावली. कागदावर हिशेब चोख होता. कर्ज सवंग होत नाही, एवढं मात्र त्यात कुणी धरलं नव्हतं. तांदूळ महाग असताना काढलेले पन्नास रुपये सवंगाईतही पन्नासच फेडायचे, आणि ते मिळवायचे कापलेल्या पगारातून. खोलीचं भाडं, खोताचं देणं, बहिणीच्या लग्नातली उधारी, सगळी जुन्याच रुपयांत बांधलेली.

खरं तर गिरणगावात मंदी १९२९ ला आलीच नाही. ती आधीपासून येऊन बसलेली होती. पहिल्या महायुद्धात मालकांनी हात धुऊन घेतले, आणि पाच-सहा वर्षांत माल गोदामात साचायला लागला. १९२५ मध्ये पगारकपातीवरून मोठा संप झाला. १९२७ मध्ये सरकारनं रुपयाचा दर अठरा पेन्सवर बांधला, त्यानं बाहेरचं कापड इथे आणखी स्वस्त पडू लागलं. मग मालकांनी कमी माणसांत जास्त काम काढायचं ठरवलं: दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्यानं तीन-चार चालवायचे, सूत काढायच्या रिंगवर एक बाजू सांभाळणाऱ्यानं दोन. त्यातून १९२८ चा संप पेटला, पाच महिन्यांच्या वर चालला, दीड लाख माणूस बाहेर. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. १९२९ च्या मार्चमध्ये तिचे पुढारी मीरतच्या खटल्यात उचलले गेले, त्याच वर्षी आणखी एक संप झाला आणि हरला. म्हणजे जगाची मंदी मुंबईच्या धक्क्याला लागली तेव्हा गिरणगावाच्या अंगात आधीच रक्त उरलं नव्हतं.

१९३० च्या परदेशी कापडाच्या बहिष्कारानं गिरण्यांना थोडा श्वास मिळाला. पण १९३१ च्या डिसेंबरात जपाननं सुवर्णमानक सोडलं, येन घसरला आणि जपानी कापडाच्या गासड्या बंदरात येऊन पडू लागल्या. सरकार जकात वाढवत गेलं. १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावर ती ७५ टक्क्यांवर गेली. जपाननं उलट हिंदुस्थानी कापूस घेणं थांबवलं, तेव्हा कापूस पिकवणारा आडवा झाला. त्याच वर्षी करीमभाई इब्राहिमांची पेढी बुडाली. तिच्या ताब्यात दहाच्या वर गिरण्या होत्या.

हे सगळं पेपरात यायचं. आजाला पेपर वाचता येत नव्हता. त्याला भोंगा कळायचा. परळ-लालबागच्या हवेत पहाटे इतके भोंगे एकात एक मिसळत की नवख्याला काही उमगत नसे, पण कुठल्या गिरणीचा भोंगा आज वाजला नाही हे तो अंथरुणातून सांगायचा.

आजा दाभोळच्या खाडीवरच्या एका गावाहून बोटीनं मुंबईला आला होता. महारवाड्यातला माणूस. गावकीच्या एका भावानं गिरणीत चिकटवला, तो रिंग खात्यात. आमच्या लोकांना गिरणीत तेच एक खातं, नाहीतर झाडू, नाहीतर ओझी. गिरणी म्हणजे नुसतं एक छप्पर दिलेलं गावच होतं, वाडे तसेच, वेशी तशाच. सगळ्यात चांगला पगार साचा खात्यात, आणि साचा खात्याच्या दाराला महाराचा हात लागायचा नाही. कारण असं की धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या डोळ्याला तोंड लावून श्वासानं सूत बाहेर ओढायचं. एका पाळीत शेकडो वेळा. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. त्यात अस्पृश्याचं तोंड लागलं तर साचेवाले काम टाकून बाहेर पडतील, असं जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगायचा. मालक म्हणे कामगारांचा विरोध आहे. कामगार म्हणे रूढी आहे.

आजाला यातली गंमत कळत होती. तो म्हणायचा, "मोमीन साचेवाल्याच्या तोंडचा धोटा मराठ्याला चालायचा. आमचा न्हाय. आणि आम्ही काढल्यालं सूत दोघंबी तोंडात घालायचे."

१९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. साचा खातं अस्पृश्यांना खुलं करायची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांनी तुमच्यासाठी उपाशी का मरावं? पुढाऱ्यांनी नाखुशीनं का होईना, मागणी घातली. ती कागदावर राहिली. या प्रकरणात कम्युनिस्ट पुढाऱ्यांवर तोंडसुख घेणारे पुष्कळ आहेत, मला त्यांच्यात जायचं नाही. मागणी ज्यांच्या रोजच्या जेवणाशी भिडत होती ते साचेवाले स्वतः काय करत होते, हा प्रश्न मला जास्त टोचतो. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावून लाठ्या खाल्लेली माणसं जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या वेगळ्या पिंपाशी वेगळी उभी राहत.

चांगल्या दिवसांत ही बंद दारं पगाराचा फरक दाखवायची. वाईट दिवसांत ती उपासमार ठरवायची. साचा खात्यातून कमी झालेला माणूस ओळखीच्या मुकादमाला धरून रिंगमध्ये, फ्रेममध्ये, कुठेतरी बदली म्हणून चिकटू शके. रिंगमधून कमी झालेल्या महाराला वर चढायला जागाच नव्हती, आणि त्याच्या स्वतःच्या खात्यात आता वरून उतरलेली माणसं येत होती. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी हेच अर्थशास्त्र म्हणून मांडलं: जात माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून जात हीच बेकारीचं एक थेट कारण आहे. ते भाषण लाहोरच्या मंडळींनी होऊ दिलं नाही, ते छापून काढावं लागलं. त्यातल्या धर्मशास्त्राच्या भागावर आजवर मैलभर शाई सांडली आहे; बेकारीच्या त्या मुद्द्यापाशी वाचक फारसा थांबत नाही. आमच्या घरात त्याचा पुरावा आजाच्या रूपानं खाटेवर बसलेला असायचा. दोन वर्षांनी मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दुसरं उदाहरण दिलं. अस्पृश्य माणूस रेल्वेत आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला हमाल करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरकाम करून घेतो आणि घरात त्याला अस्पृश्य चालत नाही. मंदीत कुणाची नोकरी जाईल हे कापसाच्या भावानं ठरतं असं आपण वाचतो. ते स्टेशनमास्तरच्या बायकोच्या स्वयंपाकघरानंही ठरत होतं.

गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा आजा बदली झाला होता. बदलीवाल्यानं पहाटे फाटकाशी उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला असेल तर मुकादम बाहेर येऊन बोट करील त्यानं आत जायचं. फाटकाशी शंभर माणसं, बोटं दोन-चार. बोट आपल्याकडे वळावं म्हणून दस्तुरी. कधी रोख, कधी कोंबडी, कधी मुकादमाच्या घरच्या सत्यनारायणाला वर्गणी. महाराला शेवटचं जमत नसे, कारण त्याची वर्गणी घेतली तरी प्रसाद कसा द्यायचा हा घोळ. म्हणून त्यानं दस्तुरी जास्त द्यायची. बोट नाहीच वळलं तर परत नायगावला, बीडीडी चाळीत. त्या एका खोलीत तेव्हा तीन बिऱ्हाडं होती. एक भाडं तिघांनी वाटून घेतलेलं. रात्रपाळीचा माणूस उठला की दिवसपाळीच्या माणसाची पाठ टेकायची. पुढे पाळ्याच राहिल्या नाहीत, तेव्हा सगळे एकाच वेळी घरात, आणि भांडणं सुरू झाली. आजी म्हणे, भुकेपेक्षा त्या गर्दीचा तिला जाच झाला.

बायांची गोष्ट वेगळी आणि लवकर संपणारी. आजीची मावशी रीळ खात्यात होती. मुंबई सरकारनं १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला. तो भत्ता मालकानं द्यायचा होता. चांगला कायदा. त्यानंतरच्या वर्षांत लग्न झालेली बाई कामावर ठेवायला काही मालक कांकू करू लागले, आणि छाटणीत रीळ-वाइंडिंगच्या बाया आधी गेल्या. मावशीला काढलं तेव्हा बायांवरच्या नायकिणीनं सांगितलं, तुझा नवरा कमावतोय ना? नवरा वर्षभर घरीच होता. मग तिनं खाणावळ काढली, सात-आठ गाववाले जेवायला. ते बेकार झाले तरी जेवायला येत राहिले, कारण दुसरीकडे कुठे जाणार? ती वाण्याची देणेकरी झाली. तिच्या तोंडून ती नावं आणि आकडे मी लहानपणी ऐकलेत. चाळीस वर्षांनंतरही कुणाकडे किती राहिले ते तिला तोंडपाठ होतं.

उधारीचा दुसरा दरवाजा पठाण. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला हातात पडायचा, त्यामुळे नव्या माणसाचं मुंबईतलं पहिलं पाऊलच कर्जात पडे. रुपयाला महिन्याला एक आणा म्हणजे सालागणिक ७५ टक्के. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशननं १९३१ च्या अहवालात हा दर सर्रास असल्याचं नोंदलं आणि दीडशे टक्केही दुर्मीळ नाही असं लिहिलं. पगाराच्या दिवशी फाटकाशी पठाण काठी घेऊन उभा. आजा मागच्या भिंतीवरून उडी मारून पळाल्याचे किस्से हसत हसत सांगायचा, आजी हसायची नाही.

पण पठाणाचं एवढंच सांगून थांबणं अन्यायाचं आहे. तोही सरहद्दीवरून आलेला, भाषा न येणारा, मूठभर लोकांतला एक. शिवडीच्या तेल कंपन्यांतल्या संपात पठाणांना संप फोडायला कामावर घेतलं होतं. त्याचा राग धुमसत असताना, १९२९ च्या फेब्रुवारीत, पठाण पोरं पळवतात अशी आवई उठली. गिरणगावात पठाण दिसेल तिथे मारले गेले, आणि बघता बघता त्याचा हिंदू-मुसलमान दंगा झाला. शंभराच्या वर माणसं मेली. आजानं त्यातलं एक मरण डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर तो फार बोलायचा नाही. विचारलंच तर एवढं म्हणायचा, की काहींना वाटलं कर्ज फिटलं, पण पुढच्या महिन्यात मेलेल्याचा भाऊ त्याच काठीनं वसुलीला आला.

आता आजाच्या गिरणीतल्या दोस्ताबद्दल, चाचांबद्दल. मदनपुऱ्याचे मोमीन, आझमगडकडचे, बापजाद्यांचा हातमागाचा धंदा. त्याच गिरणीत साचा खात्यात होते. आजा बाण्याच्या सुताच्या कांड्या टोपलीत भरून साचा खात्याच्या दारापर्यंत न्यायचा, तिथे चाचा टोपली घ्यायचे. दारातच दोघांची ओळख झाली आणि दारातच वाढली. उंबऱ्याच्या आत आजा गेला नाही. पुढे मात्र चाचा ईदला आमच्या खोलीत येऊन शिरखुर्मा देऊन जात आणि आजीच्या हातचा चहा पीत, तेव्हा चाळीतली आमचीच काही माणसं नाकं मुरडत. माणूस कुणाच्या तरी वरचा असतोच, असं आजा म्हणे.

चाचांची तक्रार सांगायची पद्धत निराळी होती. "उधर गाँव में करघे को मिल ने खाया, इधर मिल को जापान ने खाया. अब जापान को कौन खाएगा, भाई?" गिरणीत कमी साच्यांवरची माणसं काढायची वेळ आली तेव्हा ते वाचले, कारण हात चांगला होता. त्यांना काढलं ते १९३२ च्या मे महिन्यात, आणि तेही मालकानं नाही म्हणता येईल. त्या महिन्यात मुंबईत पुन्हा दंगा पेटला, काही आठवडे धुमसत राहिला, दोनशेच्या वर माणसं गेली. मदनपुऱ्यातून लालबागला जाणं म्हणजे मरणाच्या वाटेनं जाणं. चाचा घरी बसले. शांत झाल्यावर गिरणीत गेले तर त्यांच्या साच्यावर दुसराच माणूस. खाडे किती झाले, मुकादमानं विचारलं. दंगा होता, चाचा म्हणाले. दंगा सगळ्यांनाच होता, तो म्हणाला, आणि वहीत नाव नव्हतं. लालबागेत राहणारा हिंदू मदनपुऱ्यातल्या कामावर जाऊ शकला नसता, हेही खरंच. पण गिरण्या लालबागेत होत्या. बेकारी इतकी होती की रिकामी जागा तासाभरात भरे, आणि जागा कुणाची रिकामी पडणार हे आता रस्ता कुणाच्या वस्तीतून जातो यावर होतं. चाचांनी वर्षभर नळबाजारात भंगार विकलं. मग भिवंडीला मेहुण्याकडे गेले.

सगळं सवंग होत असताना एकच गोष्ट चढत होती: सोनं. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडनं सुवर्णमानक सोडलं, रुपया पौंडाला बांधलेला होता, आणि एकवीस-बावीस रुपये तोळा असलेलं सोनं पुढे तिशीच्या वर गेलं. खेड्यापाड्यांतून, चाळीचाळींतून सोनं झवेरी बाजारात आलं आणि बोटीत भरून विलायतेला गेलं. काही वर्षांत शेकडो कोटींचं. लोक चढ्या भावाचा फायदा घेत आहेत, असं सरकारी बाजूचं म्हणणं. आजीच्या डोरल्यात दोन सोन्याचे मणी होते. ते विकायला ती आजाला न सांगता गेली. सोनार तराजू उचलत म्हणाला, "भाव चढलाय बाय, नशीब काढलंस." हे वाक्य ती त्याच्या आवाजात, मान वाकडी करून म्हणून दाखवायची. घरात कुणी काही विकायला निघालं की आमच्याकडे अजूनही ते म्हटलं जातं.

गिरणी बंद पडली की कामगार गावाला जातो, शेती बघतो, परत येतो: मालकांना आणि सरकारला हे फार सोयीचं वाटे. बेकार भत्ता कशाला, गाव आहे की. कुणब्याला गावात निदान खोताची अर्धेलीची जमीन होती. अर्धं पीक खोताला गेलं तरी उरलेल्या अर्ध्यात पेजेला भात. महाराला गावात काय होतं? वतन, म्हणजे वेठ. सरकारी टपाल पळवा, लाकडं फोडा, मेलेली जनावरं ओढा. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर आमच्याकडची माणसं गेली होती. पणजा गेला होता. तिथून आल्यावर महारवाड्यानं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि त्याचं मांस खायचं नाही. गावानं बहिष्कार घातला. वाण्यानं मीठमिरची देणं बंद केलं, पाणंदीतून गुरं न्यायला बंदी, शेतात मजुरीला बोलावणं नाही. स्टार्ट कमिटीनं १९३० च्या अहवालात अस्पृश्यांवरच्या बहिष्काराची जी तऱ्हा लिहिली आहे ती वाचताना मला आमचंच गाव वाचतोय असं वाटलं. बाबासाहेब त्या कमिटीवर होते.

तरी महारवाडा वाकला नाही. कारण मुंबईहून मनीऑर्डर येत होती. पाच रुपये, सात रुपये. पोस्टमन महारवाड्याच्या बाहेर उभा राहून नावं पुकारायचा, पैसे दगडावर ठेवायचा. पण पैसे यायचे. त्या पैशावर तालुक्याच्या बाजारातून मीठ आणता येत होतं, गावच्या वाण्याशिवाय जगता येत होतं. चवदार तळ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सभा लिहिल्या, ठराव लिहिले, आणि ते लिहायलाच हवेत. पण ठराव पाळायला लागणारं मीठ रिंग खात्यातून येत होतं. म्हणून रिंग खातं थंड पडलं तेव्हा नुसता पगार गेला नाही. नकार द्यायची ऐपत गेली.

१९३४ च्या २३ एप्रिलला पुन्हा सार्वत्रिक संप झाला, भत्त्याच्या कपातीवरून. पुढारी धडाधड आत गेले. पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या, म्हणून गाववाले मेमध्येच शेवटच्या बोटी धरून निघाले. आजानं आजीला आणि थोरल्या काकाला पाठवून दिलं. जूनअखेर संप संपला, हाती काही न लागता, आणि आजी चार महिने गावात अडकली. तिथे तिनं जे पाहिलं ते ती आम्हाला फार उशिरा, आम्ही बाप्ये झाल्यावर सांगू लागली. पणज्याचा धाकटा भाऊ रात्री कंदील न घेता बाहेर पडायचा आणि सकाळी अंगणात सूप भरून भात असायचा. ढोर कुणाचं मेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पणजा त्याच्याशी बोलायचा बंद झाला, पण तो भात पणज्याच्या ताटातही पडत होता. "मीच वाढायची," आजी म्हणायची. त्या माणसाचं नाव आमच्या घरात कधी वाईटपणानं घेतलं जात नाही. चांगुलपणानंही नाही.

एवढं सगळं असून माणसं मुकी बसली नाहीत, हेही त्याच वर्षांतलं. अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि १९३९ पर्यंत तो चालवला. जंगलातली लाकडं विकून जगले, पण नांगर धरला नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरला खोती रद्द करायचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आलेली हजारो कुळं कौन्सिल हॉलवर चालत गेली. त्यात कुणबी आणि महार एका रांगेत होते. आजानं त्या दिवशी बदलीच्या फाटकाकडे पाठ फिरवून मोर्चा धरला. आमच्या गावचा कुणबी, ज्याच्या बापानं बहिष्काराला हात वर केला होता, त्याच्या शेजारी चालत होता. दोघांनी एकमेकांशी काय बोलणं केलं, विचारलं तर आजा म्हणे, "पायात चप्पल न्हवती दोघांच्याबी. तेच बोललो." त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा एक दिवसाचा संप, त्यात बाबासाहेब आणि लाल बावट्याचे डांगे एकत्र. दुसऱ्या दिवशी गिरणीतलं पाण्याचं पिंप वेगळं होतं ते होतंच.

मंदी हटवली ती कुठल्या कायद्यानं नाही, लढाईनं. १९३९ नंतर रात्रपाळ्या पुन्हा सुरू झाल्या, मुंबईतल्या गिरणी कामगारांची संख्या दोन लाखांच्या वर गेली, बदलीवाले कायम झाले. आजाही झाला. १९४३ मध्ये शहरात रेशनिंग आलं. वडील त्यानंतर, स्वातंत्र्य मिळून गेल्यावर, त्याच गिरणीत लागले. रिंग खात्यातच. तोवर साचा खात्याचं दार काही ठिकाणी किलकिलं झालं होतं, पण ओळख लागायची, आणि आमच्या ओळखी सगळ्या रिंगमधल्या.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. सहा महिन्यांनी आमच्या खोलीत पुन्हा एकदा वहीवर उधारीचे आकडे दिसू लागले. गिरण्यांचं काम दरम्यान भिवंडीला गेलं होतं. तिथल्या शेडमध्ये दिवसरात्र माग खडखडत होते. चाचा कधीच गेले होते, पण ईदचं जाणंयेणं टिकलं होतं. त्यांच्या नातवानं भिवंडीत गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने साचे घेऊन शेड टाकली होती. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा निरोप आला, काका, बसून काय करताय, इकडे या. वडिलांच्या युनियनच्या मित्रांनी त्यांना फितूर म्हटलं. ते चूक म्हणत होते असं मला म्हणता येत नाही. वडील गेले.

मी त्यांना पोचवायला गेलो होतो. पत्र्याची शेड, आत इतका आवाज की शेजारच्याशी खुणेनं बोलायचं. धोटे लाकडाचे, तसेच, डोळ्याचे. नातवानं एक कांडी भरून धोटा वडिलांच्या हातात दिला आणि कसं ओढायचं ते करून दाखवलं. आमच्या घरात साच्याला हात लावणारा हा पहिला माणूस. वडिलांनी त्याच धोट्याला तोंड लावलं, श्वास आत घेतला, सूत आलं, आणि त्यांना जोराचा ठसका लागला. बाहेर येऊन पाणी प्यायले, चूळ भरली. मी विचारलं, कसं वाटलं? "काय वाटायचंय? कापसाचं तूस घशात जातं नुसतं." मग नातवाला बाजूला घेऊन मीटरला किती पैसे देणार यावर त्यांनी घासाघीस सुरू केली. तो त्यांना काका म्हणत होता, पण पाच पैसे काही वाढवत नव्हता.